जुळं आहे म्हणाले, पण वार एक की दोन ते विचारलंत का?

गेल्या अंकात गरोदरपणातल्या सोनोग्राफीवर लिहिलं होतं, त्यानंतर जी पत्रं आणि मेल आले त्यातले बरेचसे जुळ्यांबद्दलचे निघाले, म्हणून या वेळचं सदर सगळं जुळ्यांनाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (बार्शी): मला तिसरा महिना संपत आलाय आणि सोनोग्राफीत जुळं निघालं. डॉक्टर म्हणतात सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी सोनोग्राफी करायची. माझ्या जाऊबाईंनाही दोन वर्षांपूर्वी जुळं झालं, त्यांना महिन्यातून एकदाच बोलवायचे. घरचे म्हणतात डॉक्टर पैसे काढतायत. रिपोर्टचा फोटो जोडलाय.

उत्तर: तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलंय आणि जाऊबाईंच्या डॉक्टरांनीही बरोबरच सांगितलं असणार, कारण जुळं जुळं म्हणून सगळी सारखी नसतात. तुमच्या रिपोर्टात अगदी खालच्या ओळीत 'टी-साइन, एमसीडीए' असं लिहिलंय बघा. म्हणजे बाळं दोन, प्रत्येकाची पाण्याची पिशवी वेगळी, पण वार (प्लासेंटा) दोघांत मिळून एकच. जाऊबाईंना बहुतेक दोन वार असतील, त्याला डीसीडीए म्हणतात.

हे ओळखायचं कसं ते सांगते. अकरा ते चौदा आठवड्यांत, म्हणजे एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागचं पाणी मोजायची सोनोग्राफी) करतो तेव्हाच, दोन बाळांच्या मधला पडदा जिथे वारेला जाऊन मिळतो ती जागा आम्ही शोधतो आणि मोठी करून बघतो. वार दोन असतील तर पडदा जाडसर असतो आणि मिळण्याच्या जागी वारेचाच थोडा भाग पाचरीसारखा पडद्यात घुसलेला दिसतो, त्याला लॅम्डा साइन म्हणतात. वार एक असेल तर पडदा केसासारखा बारीक असतो आणि सरळ येऊन वारेवर टेकतो, इंग्रजी टी सारखा. चौदा आठवड्यांनंतर ती पाचर हळूहळू पुसट होत जाते, पुढे विसाव्या आठवड्याला कुणी कितीही चांगल्या मशीनवर बघितलं तरी खात्रीने सांगणं अवघड होऊन बसतं, म्हणून हा प्रश्न लवकर विचारायचा असतो. तुमचं काम तिथे झालेलं आहे.

आता पंधरा दिवस का. एकाच वारेवर दोन बाळं असली की त्या वारेच्या पृष्ठभागावर दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देणंघेणं सारखं राहतं आणि काही होत नाही. पण साधारण शंभरातल्या १० ते १५ जणींमध्ये रक्त एकाच बाजूला जास्त जायला लागतं. देणाऱ्या बाळाला रक्त कमी पडतं, त्याची लघवी कमी होते, आणि पोटातलं पाणी म्हणजे त्या महिन्यांत मुख्यतः बाळाची लघवीच असते, त्यामुळे त्याच्याभोवतीचं पाणी आटतं. घेणाऱ्याला रक्त जास्त होतं, तो भरपूर लघवी करतो, त्याच्याकडे पाणी साचतं आणि हृदयावर ताण येतो. याला टीटीटीएस म्हणतात. दर वेळी आम्ही दोन्हीकडच्या पाण्याची सगळ्यात खोल जागा मोजतो, एकीकडे २ सेंटीमीटरपेक्षा कमी आणि दुसरीकडे ८ पेक्षा जास्त भरलं (वीस आठवड्यांनंतर बरेच जण १० धरतात) की आजार सुरू झालाय असं समजायचं. मग दोघांची लघवीची पिशवी दिसते का बघायची, देणाऱ्याची दिसलीच नाही तर आजार एक पायरी वर गेला. पुढे डॉप्लरवर, म्हणजे रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, नाळेतला रक्तप्रवाह बघायचा. हे सगळं बहुतेक वेळा सोळा ते सव्वीस आठवड्यांच्या मध्ये होतं आणि काही वेळा फार झपाट्याने होतं, महिन्याने बोलावलं तर मधले दोन आठवडे हातातून गेलेले असतात.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक बाई आल्या, विसावा आठवडा चालू होता. आठ दिवसांत ब्लाउज आणि परकराची नाडी दोन्ही पुरेनात, रात्री आडवं पडलं की धाप लागायची, आणि घरात म्हणत होते जुळं आहे तर पोट वाढणारच की. मी प्रोब ठेवला तर एक बाळ पाण्यात मोकळं पोहतंय आणि दुसरं दिसेचना. शोधल्यावर दिसलं, वर एका कोपऱ्यात गर्भाशयाच्या भिंतीला चिकटलेलं, पडदा ओल्या फडक्यासारखा अंगाला लपेटलेला, आईने कूस बदलली तरी ते तिथेच. लघवीची पिशवी रिकामी. त्यांचे आधीचे दोन रिपोर्ट पिशवीत होते, दोन्हीवर 'जुळं, दोघांचे ठोके चांगले' एवढंच. वार किती ते कुणीच लिहिलं नव्हतं. त्याच रात्री त्यांना मुंबईला पाठवलं, तिथे दुर्बिणीतून लेझरने त्या जोडलेल्या रक्तवाहिन्या बंद केल्या. एक बाळ वाचलं, आता शाळेत जातं. दुसरं नाही वाचलं, आणि पहिल्या रिपोर्टात एक ओळ जास्त असती तर ती बाई सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी कुणाच्या तरी टेबलावर असती हे माझ्या मनातून अजून जात नाही. आजार वाढलेला असताना काहीच केलं नाही तर बहुतेक वेळा दोन्ही बाळं जातात, लेझर वेळेत झालं तर निदान एक बाळ तरी हाती लागण्याची शक्यता बरीच चांगली असते.

तेव्हा घरच्यांना हा अंक वाचायला द्या. आणि पंधरा दिवसांच्या मध्येही पोट एकदम ताणलं, दम लागायला लागला तर तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

प्रश्न (नागपूर): आमचं आयव्हीएफ झालं, भ्रूण एकच सोडला होता, तरी सहाव्या आठवड्यात दोन ठोके दिसले. क्लिनिकने आम्हाला फसवून दोन सोडले असतील का? आणि वार एकच आहे म्हणतात, म्हणजे बाळं एकसारखी दिसणार ना?

उत्तर: फसवाफसवी धरू नका, तो एकच भ्रूण दुभंगला असणार. एकाचे दोन झाले की ती एकसारखी जुळी, आणि वार एक असेल तर ती एकसारखीच असतात असं धरायला हरकत नाही. उलटं मात्र खरं नाही. वार दोन आहेत म्हणजे बाळं वेगळ्या चेहऱ्याचीच असं पुष्कळ जण समजतात, डॉक्टरसुद्धा कधीकधी तसं बोलून जातात. भ्रूण पहिल्या तीन दिवसांत दुभंगला तर दोन वार तयार होतात, एकसारख्या जुळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश अशीच असतात. चौथ्या ते आठव्या दिवसात दुभंगला तर वार एक आणि पिशव्या दोन, त्याच्याही नंतर दुभंगला तर वार एक आणि पिशवीही एकच. ही शेवटची जात सगळ्यात नाजूक, मधे पडदा नसल्यामुळे दोघांच्या नाळा एकमेकींत गुंततात, डॉप्लरवर तो गुंता स्पष्ट दिसतो, अशा वेळी साधारण ३२ ते ३४ आठवड्यांत सिझेरियन करून बाळं बाहेर काढतात. तुमच्या रिपोर्टात पडदा दिसल्याचं लिहिलंय का तेवढं बघून घ्या. सहाव्या आठवड्यात तो इतका पातळ असतो की दिसत नाही, त्यामुळे आत्ता दिसला नाही म्हणून घाबरू नका, नंतरच्या सोनोग्राफीत परत बघायला सांगा.

प्रश्न (सांगली): सुनेला जुळं आहे, आतापर्यंत पाच वेळा सोनोग्राफी झाली आणि अजून सांगतायत. माझ्या नणंदेचं जुळं घरीच झालं, एक बाळ झाल्यावर सुईण म्हणाली अजून एक आहे, तेव्हा कळलं. इतक्या वेळा मशीन लावल्याने पोरांच्या डोक्याला काही होत नाही ना?

उत्तर: काकू, तुम्हाला धास्ती वाटणं साहजिक आहे. सोनोग्राफीत एक्स-रेसारखे किरण नसतात, कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज आत पाठवायचा आणि त्याचा प्रतिध्वनी पकडून चित्र करायचं एवढंच ते यंत्र करतं. ग्लासगोला इयान डोनाल्ड नावाच्या डॉक्टरांनी १९५८ साली याबद्दलचा पहिला मोठा लेख छापला, तेव्हापासून जगभर कोट्यवधी बायांची सोनोग्राफी झालीय आणि नेहमीच्या तपासणीने बाळाला अपाय झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. तरीही आम्ही उगाच वेळ लावत नाही. विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत ठोके ऐकवण्यासाठी डॉप्लर लावून बसू नये असा नियम आहे, कारण त्यात ऊर्जा जास्त जाते. हौसेखातर व्हिडिओ काढायला दोनदा जाऊ नका. पण जुळ्याची तपासणी ही हौस नाही.

तुमच्या नणंदेसारख्या गोष्टी मी माझ्या आजीकडूनही ऐकल्यात. दुसरं आहे हे सुईणीला हाताला लागायचं तेव्हा कळायचं, आणि एक बाळ वाढलेलं, दुसरं मुठीएवढं, असं का झालं ते कुणाला माहीत नसायचं, मग जोडकेळ खाल्लं होतं, ग्रहण पाहिलं होतं, असं सगळं त्या बाईच्याच माथी यायचं. सुनेच्या वार दोन असतील तर विसाव्या आठवड्याच्या ॲनॉमली स्कॅननंतर (बाळांच्या अवयवांत काही व्यंग आहे का ते बघायची सोनोग्राफी) साधारण चार आठवड्यांनी एक, एवढं पुरतं. एक असेल तर वरचं बार्शीचं उत्तर वाचा.

प्रश्न (डोंबिवली): २८ आठवडे झालेत, वार दोन आहेत. रिपोर्टात 'ए' बाळाचं वजन ११०० ग्रॅम आणि 'बी'चं ८५० आलंय. दोन आठवडे झोप नाही. सासरचे दोन्ही वेळा तूप, खारका, बदाम खायला लावतात, लहान बाळाचं वजन वाढावं म्हणून. मी काय खाऊ?

उत्तर: आधी हिशोब. मोठ्यातून लहान वजा करायचं, म्हणजे २५०, आणि त्याला मोठ्याच्या वजनाने भागायचं, फरक साधारण २३ टक्के येतो. २० ते २५ टक्क्यांच्या पुढे फरक गेला की आम्ही जास्त लक्ष द्यायला लागतो, म्हणजे तुम्ही अगदी उंबरठ्यावर आहात, दुर्लक्ष करण्यासारखं नाही आणि हातपाय गाळण्यासारखंही नाही. सोनोग्राफीतलं वजन हे डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी यावरून काढलेला अंदाज असतो, त्यात १० ते १५ टक्के इकडेतिकडे सहज होतं, जुळ्यात तर एकाची पाठ दुसऱ्याच्या पोटावर आल्यामुळे नीट माप घेणंच मुश्कील असतं. म्हणून एका रिपोर्टावर काही ठरवायचं नाही, 'बी'ची मागची मापं काढून तो त्याच्या स्वतःच्या रेषेत वाढतोय का ते बघायचं. तो पहिल्यापासून लहानखुरा असेल, रेष धरून चढत असेल, पाणी चांगलं असेल आणि डॉप्लरमध्ये नाळेतला प्रवाह नीट असेल तर तो बहुतेक चणीनेच छोटा आहे. रेष आडवी झाली किंवा डॉप्लर बिघडला तर मात्र दर आठवड्याला, कधी त्याहून लवकर बघावं लागतं. तुमच्या वार वेगळ्या आहेत ही यात मोठी जमेची बाजू आहे, एकाला त्रास झाला तरी दुसऱ्याच्या रक्तावर त्याचा थेट परिणाम होत नाही. एक वार असती आणि एक बाळ पोटात गेलं असतं तर मागे राहिलेल्याचं रक्त त्या बाजूला ओढलं जाऊन त्याच्या मेंदूला इजा व्हायची भीती राहिली असती.

एक गोष्ट नक्की तपासा. मागच्या वेळचा 'ए' तोच या वेळचा 'ए' आहे ना? नाव साधारणपणे गर्भाशयाच्या तोंडाजवळ कोण आहे त्यावरून देतात, पण सोनोग्राफी करणारे बदलले की अदलाबदल होते आणि मग कागदावर एकाचं वजन उगाच उडी मारतं, दुसऱ्याचं थांबतं. डावं-उजवं, वर-खाली, वार पुढे की मागे असं लिहून घेतलं की हा घोळ होत नाही.

आणि तूप-खारकांचं काय? ताटात जे येईल ते पोटभर खा, डाळ, अंडी, दूध, लोहाच्या गोळ्या चुकवू नका. पण अन्न निवडून लहान बाळाकडे पाठवता येत नाही हो, त्याला कमी मिळत असेल तर ते त्याच्या वाट्याच्या वारेमुळे. तुमच्या खाण्यात काही चुकलं नाही, सासूबाईंनाही हे वाचून दाखवा.

प्रश्न (कोल्हापूर): सातव्या आठवड्यात दोन ठोके होते, बाराव्याला एकच. मी त्या दिवसांत स्कूटर चालवत होते, त्यामुळे गेलं का?

उत्तर: नाही. स्कूटरने नाही, जिन्याने नाही, तुम्ही उचललेल्या बादलीनेही नाही. सुरुवातीच्या आठवड्यांत दोनातला एक गर्भ वाढायचा थांबणं हे खूप वेळा होतं, आणि बहुतेक वेळा कारण त्या गर्भाच्या घडणीतच असतं. पूर्वी इतक्या लवकर कुणी बघत नव्हतं म्हणून कळायचं नाही. दुसऱ्या बाळाची वार वेगळी असेल तर इतक्या लवकर झालेल्या गोष्टीचा त्याला सहसा त्रास होत नाही, तुमच्या रिपोर्टात लॅम्डा लिहिलंय ते चांगलं आहे. पुढे डबल मार्कर किंवा एनआयपीटी ही रक्ताची तपासणी करायला सांगितली तर आधी एक बाळ होतं आणि गेलं हे तिथे जरूर सांगा, त्याच्यामुळे रक्ताचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. आणि रडू आलं तर रडा, पाच आठवडे तुम्ही दोघांची आई होतात.

प्रश्न (म्हापसा): विसाव्या आठवड्यात आतून सोनोग्राफी करायची म्हणतात. मला भीती वाटते, बाळांना धक्का लागेल. नाही म्हणू का?

उत्तर: नाही म्हणू नका. प्रोब गर्भाशयाच्या तोंडाच्या अलीकडेच थांबतो, बाळांपर्यंत पोचत नाही, दोनतीन मिनिटांचं काम असतं. लघवी करून जायचं, आणि दुखलं तर थांबा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. जुळ्यांचा सगळ्यात मोठा धोका दिवस भरायच्या आधी कळा येणं हाच असतो, आणि गर्भाशयाच्या तोंडाची लांबी पोटावरून नीट मोजता येत नाही. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचा विचार होतो, जवळ एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) कुठे आहे ते आधी ठरवता येतं. जुळं आहे म्हणून सगळ्यांना सरसकट गर्भाशयाच्या तोंडाला टाका घालणं किंवा चार महिने पलंगावर झोपवून ठेवणं याचा फायदा होतो असं दिसलेलं नाही, तसं कुणी सांगितलं तर का ते विचारा.

प्रश्न (गाव लिहिलेलं नाही): जुळं आहे, आम्हाला फक्त एवढंच सांगा की दोन्ही सारखेच आहेत की एक एक आहे, मुलगा मुलगी म्हणून सांगू नका. एवढं तर चालतं ना?

उत्तर: चालत नाही. गर्भाचं लिंग तपासून सांगायला बंदी घालणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे, आणि त्याच्याही आधी १९८८ मध्ये असा कायदा करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य होतं. शब्दाने, खुणेने, कुठल्याही आडवळणाने सांगणं गुन्हा आहे आणि मागणाऱ्या नातेवाइकांनाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इतर देशांत जुळ्यांची वार ठरवताना लिंगाचा उपयोग करतात हे मला माहीत आहे, दोघं वेगळी असली तर ती एका भ्रूणातली नसणार हे उघड आहे. आपल्याकडे तो दाखला आम्ही वापरत नाही, लॅम्डा आणि टी आम्हाला पुरतात. तुमच्या पत्रात 'दोन्ही सारखेच निघाले तर विचार करता येईल' असं एक वाक्य आहे. ते वाचून मला फार वाईट वाटलं. जिच्या पोटात ती बाळं आहेत तिने हे पत्र लिहिलं नसावं असं मला वाटतं, तिने हे वाचलं तर तिने मला स्वतः लिहावं.

प्रश्न (नंदुरबार जिल्हा): बहिणीला जुळं आहे, वार एक आहे असं लिहून दिलंय. आमच्या इथून सोनोग्राफीला जायला दोन बस बदलाव्या लागतात, मजुरी बुडते. दर पंधरा दिवसांनी कसं जमवायचं?

उत्तर: तुम्ही भाऊ असून हे विचारताय, बरं वाटलं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाचा दिवस असतो, त्या दिवशी तज्ज्ञ डॉक्टर बघतात आणि तपासण्या फुकट होतात. एक सोनोग्राफी त्या दिवशी बसवा. मधली जिल्हा रुग्णालयात करून घ्या, गरोदर बाईला सरकारी रुग्णालयात तपासणी मोफत आहे आणि १०२ ची गाडीही मिळते, आशाताईंना आत्ताच सांगून ठेवा म्हणजे त्या पाठपुरावा करतील. सोळा ते सव्वीस आठवडे हा काळ सगळ्यात महत्त्वाचा, तेव्हा एकही फेरी चुकवू नका, जमलं तर ते अडीच महिने तिला जिल्ह्याच्या गावी कुणा नातेवाइकाकडे ठेवा. सगळं सुरळीत असलं तरी एका वारेच्या जुळ्याचं बाळंतपण ३६ ते ३७ आठवड्यांत करतात, दोन वार असतील तर ३७ ते ३८ पर्यंत थांबतात, त्यामुळे नववा महिना भरेपर्यंत तिला गावात ठेवायचं नाही. दवाखाना असा बघा जिथे रात्री भूलतज्ज्ञ असतो, रक्त मिळतं आणि लहान बाळांचा अतिदक्षता विभाग आहे.

आणि दर वेळी कुठेही जाताना, अगदी मध्यरात्री १०८ ला फोन करून निघालात तरी, बारा आठवड्यांचा तो 'वार एक' लिहिलेला रिपोर्ट फाईलीत सगळ्यात वर ठेवा.